टेबलावरचा पहिला माणूस

बेलार्मिनो तिबादुइसाचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. गजराचं घड्याळ त्यानं कधी घेतलं नाही. बावीस वर्षं वीटभट्टीवर काढलेल्या माणसाला पाठच उठवते. उठला की आधी हात एकमेकांवर घासून गरम करायचे, मग स्टोव्ह पेटवून वीस लिटरचं पातेलं चढवायचं. पाण्यात गुळाच्या ढेपा, उकळी आली की लिंबू. तोवर दुसऱ्या पातेल्यात बटाटे, तिसऱ्यात भात. भात दाबायचा, वड्या पाडायच्या, चांदीच्या कागदात गुंडाळायच्या. सहाच्या ठोक्याला गूळपाण्याच्या चाळीस बाटल्या आणि आठ पिशव्या तयार. प्रत्येक पिशवीत भाताच्या चार वड्या, दोन बटाटे, पेरूची एक वडी. कुणाला बटाटा कमी नाही, कुणाला जास्त नाही.

हे त्याचं वरकड काम. खरं काम संध्याकाळी असायचं. कांपानारियो चॉकलेट कंपनीच्या सायकल संघाचा तो मालिशवाला होता.

संघ बोयाका प्रांतातल्या दुइतामा गावाचा. जानेवारीत डोंगरातला सराव सुरू व्हायचा. फेब्रुवारी ते मे लहान शर्यती, ज्यांत गावचा पाद्री निशाण हलवतो आणि बक्षिसाला वासरू असतं. जूनमध्ये वुएल्ता, देशभराची, चौदा दिवसांची. मग पुन्हा लहान शर्यती, थेट नोव्हेंबरपर्यंत. पगार महिन्याचा महिन्याला, संघात असेपर्यंत.

भट्टीवरून तो या धंद्यात आला तो एका गोळ्यामुळे. सोगामोसोच्या रस्त्यावर एका सायकलपटूच्या पोटरीत गोळा आला आणि तो भट्टीसमोरच आडवा झाला. बेलार्मिनो चिखल मळत होता. तसाच उठला, चिखलाच्या हातांनी पोटरी धरली आणि तीन मिनिटांत पोराला सायकलवर बसवलं. आठवड्यानं संघाची गाडी भट्टीवर आली.

"चिकणमाती काय आणि पोटरी काय," तो म्हणायचा, "दोन्हींत खडा असतो. तो शोधायचा, दाबायचा, विरघळू द्यायचा. घाई केली की वीट तडकते."

एका पायाला दोनशे दाब. मनात मोजायचा. पहिल्याला दोनशे आणि आठव्यालाही दोनशे. आठव्यापर्यंत येता येता स्वतःचे अंगठे सुजलेले असायचे, पण आकडा कमी व्हायचा नाही. बाकीच्या संघांत शेवटच्या माणसाला थोपटून सोडतात. बेलार्मिनोला ते चोरी वाटायची.

टेबलाचा क्रम मात्र ठरलेला असतो आणि तो सगळ्या संघांत सारखाच. पहिला कप्तान. त्याला लवकर झोप हवी. मग दर्जाप्रमाणे एकेक आणि सगळ्यात शेवटी पाणक्या. पाणक्या म्हणजे जो शर्यतीत मागं राहून संघाच्या गाडीतून बाटल्या घेतो, सदऱ्यात खुपसतो आणि पुन्हा पुढं जाऊन सगळ्यांना वाटतो. कांपानारियोचा कप्तान होता नेमेसियो पुलिदो, सव्वीस वर्षांचा, हरणासारखा. पाणक्या होता कांपो एलियास फाग्वा. वय तेहतीस, चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा शांत. अकरा वर्षांत त्याचं नाव रेडिओवर दोनदा आलं होतं. दोन्ही वेळा पडला म्हणून.

टेबलावर काय कळलं ते बेलार्मिनो बाहेर बोलायचा नाही. कुणाचे पाय संपले, कुणाचे भरले, हे त्याला डॉक्टरच्या आधी कळायचं. पण ताकाला तूर लागू द्यायचा नाही.

घरी, नोब्सा गावात, रोसाल्बिना होती. ती मागावर लोकरीच्या घोंगड्या विणायची. सव्वीस वर्षं दोघं एका छपराखाली राहत होती, तीन मुलं झाली, पण लग्न राहून गेलं होतं. आमच्याकडं वाजंत्री आणि मटणाशिवाय लग्न म्हणजे मयत. आधी वाजंत्रीला पैसे नव्हते. मग मूल झालं. मग छप्पर उडालं. मग सवय झाली. दरवर्षी ईस्टरला पाद्री प्रवचनात कुणाचंही नाव न घेता त्यांच्याचकडं बघायचा.

यंदा धाकट्या ओतिलियाचं ठरलं. मुलगा तिबासोसाचा, बेकरीवाला. सगळं जुळलं आणि पोरगी अडून बसली.

"आईच्या आधी मी नवरी होणार नाही."

"अगं, आईचं काय एवढं," बेलार्मिनो म्हणाला.

"काय एवढं?" मागावरून आवाज आला. "सुमेर्से, इकडं या जरा."

सुमेर्से म्हणजे मायबाप. आमच्या बोयाकात आई तान्ह्या पोराला आणि मालक कुत्र्यालाही सुमेर्सेच म्हणतो. पण रोसाल्बिना हा शब्द त्या सुरात म्हणाली की बेलार्मिनोची पाचावर धारण बसायची.

"सव्वीस वर्षं थांबले मी," ती म्हणाली. "आता डिसेंबर. सकाळी माझं, दुपारी तिचं. डिसेंबर हुकला ना, तर मी लग्न उरकून घेईन. सुमेर्सेशिवाय."

"माझ्याशिवाय कसं उरकशील?"

"ते मी बघेन. सव्वीस वर्षं तुमच्याशिवायच सगळं उरकलंय."

बेलार्मिनोनं हिशेब बोटांवर केला. नोव्हेंबरपर्यंतचा पगार हाती आला तर दोन्ही लग्नं होत होती. एक महिना जरी गेला तरी एकही नाही.

आणि मे महिन्यात मॅनेजरनं त्याला बोलावलं.

एरिबेर्तो लांचेरोस साहेब जानेवारीत नवे आले होते. राजधानीचे, बोगोताचे. चिखलातही त्यांच्या पँटची इस्त्री मोडायची नाही. त्यांच्या टेबलावर एक यंत्र होतं, इस्त्रीसारखंच दिसणारं. बटण दाबलं की गांधीलमाशीसारखं गुणगुणायचं.

"काका, वुएल्तानंतर बोगोताहून एक शिकलेला माणूस येतोय. डिप्लोमा आहे. हे यंत्र तो चालवेल. जूनअखेर तुम्ही घरी."

"कुणाचे पाय बिघडले का साहेब?"

"तसं नाही. काळ पुढं चाललाय."

"चालू द्या की. चालून त्याच्याही पोटऱ्या भरतील."

साहेब हसले नाहीत. "वुएल्तात एखाद्या दिवसाचा टप्पा जिंकला, चॉकलेटवाले मालक खूश झाले, तर बघू. नाहीतर जूनअखेर."

त्यानं घरी येऊन सगळं सांगून टाकलं. रोसाल्बिनानं धागा दातानं तोडला.

"मग टप्पा जिंकून या."

"मी काय सायकलवर बसतो?"

"मग बसवा कुणाला तरी!"

वुएल्ता सुरू झाली. आठ दिवस झाले, कांपानारियोनं टप्पा जिंकला नव्हता. नेमेसियो एकंदरीत चौथा होता. पहिल्या नंबरचा पिवळा सदरा आंतिओकिया प्रांताच्या ओक्ताव्हियो सुलुआगाच्या अंगात होता आणि त्याचा संघ तो सदरा डोळ्यांत तेल घालून राखत होता. नवव्या दिवशी लेत्रासचा घाट होता. ओंदाच्या नदीकाठी घामानं अंग चिकट होतं आणि ऐंशी किलोमीटर चढून वर गेलं की दातावर दात वाजतात. एवढा लांब चढ दुसरा नाही. टप्पा मारायचा तर तिथंच.

आदल्या संध्याकाळी सगळे संघ ओंदाच्या एकाच जुन्या हॉटेलात उतरले. मध्ये आंब्याचं झाड, चारी बाजूंनी ओसरी. खोल्या भट्टीसारख्या तापलेल्या, म्हणून सगळ्यांनी मालिशची टेबलं ओसरीत मांडली. कोण कुणाच्या टेबलावर आहे हे साऱ्या हॉटेलला दिसत होतं. चार पावलांवर आंतिओकियाचा मालिशवाला फाबिओ एचेवेरी. मिशा जाड, तोंडाचा पट्टा दिवसभर चालू.

"काय तिबादुइसा, तुमच्या बोयाकाच्या बटाट्यांना उद्या उकडायचं की भाजायचं?"

"आधी उचलून दाखवा."

पाच वाजता नेमेसियो न्हाणीघराच्या दारात उभा राहिला. चालणं बदकासारखं.

"काका, जरा आत या."

बेलार्मिनो आत गेला. बघितलं. बसायच्या नेमक्या जागी केसतूड, लिंबाएवढं.

"किती दिवस?"

"तीन. मॅनेजरला सांगू नका, काका. सांगितलंत तर उद्या मला गाडीत बसवतील."

"गाडीत तरी कुठं बसशील तू? त्या घमेल्यात बस. कोमट पाणी, दोन मुठी मीठ. एक तास. हलायचं नाही."

बाहेर येऊन तो टेबलापाशी उभा राहिला. तेल गरम, हात गरम, टेबल रिकामं. भट्टीवरच्या माणसाला रिकामी भट्टी बघवत नाही. बाकीची पोरं झोपली होती नाहीतर नदीवर गेली होती. नळाखाली कांपो एलियास एकटा बाटल्या विसळत होता.

"ये रे."

"मी?"

"मग काय आंब्याला बोलावतोय?"

"काका, माझा नंबर साडेआठचा."

"आज साडेपाचचा. झोप."

"आईशपथ, मी काही केलेलं नाही," म्हणत कांपो एलियास टेबलावर चढला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच ताज्या अंगठ्यांनी त्याचे पाय दाबले जात होते. चाळिसाव्या दाबाला तो घोरायला लागला.

बेलार्मिनो मोजत होता, म्हणून त्याला ओसरी गप्प झालेली कळली नाही. फाबिओचा हात त्याच्या गड्याच्या मांडीवर जागच्या जागी थांबला होता. रेडिओचा माणूस आंबा खात होता, तो अर्धा आंबा हातात धरून तसाच उभा. पाणक्या पहिला! लेत्रासच्या आदल्या दिवशी!

अर्ध्या तासात हॉटेलभर झालं. कांपानारियोनं कप्तान बदलला. फाग्वाला आठ दिवस बाटल्यांमागं लपवून ताजा ठेवलाय. उद्या घाटात सोडणार.

फाबिओ जवळ आला. आवाज मधाळ.

"दोस्ता, फाग्वाचे पाय कसे आहेत?"

"पायांसारखे."

"म्हणजे भरलेत की हलके आहेत?"

"दोन आहेत."

बेलार्मिनो नेहमीच असं बोलायचा. पण आंतिओकियाची माणसं स्वतः कधी गप्प बसत नाहीत, म्हणून गप्प बसलेला माणूस त्यांना काहीतरी लपवतोय असंच वाटतं. फाबिओ तरातरा सुलुआगाच्या खोलीकडं गेला.

सव्वासहाला लांचेरोस साहेब आले. कानशिलं लाल.

"क्रम बदलायला कुणी सांगितलं? रेडिओवाला मला विचारतोय, तुमचा कप्तान कोण! मला! चॉकलेटचे मालक हे उद्या ऐकतील!"

"टेबल रिकामं होतं."

"का रिकामं होतं? नेमेसियो कुठं होता?"

बेलार्मिनोनं फडक्याला हात पुसले.

"बोला ना!"

"साहेब, टेबलावरचं मी बाहेर बोलत नाही."

"तो टेबलावर नव्हताच!"

"मग तर अजिबातच नाही."

साहेबांनी कानशिलावरचा घाम टिपला. मग थंडपणे म्हणाले, "जूनअखेरचीही वाट बघायला नको. उद्या पिशव्या द्या. माणूस नाही दुसरा, म्हणून. मानिसालेसला टप्पा संपला की संध्याकाळी घरची बस धरा."

बेलार्मिनोनं मान हलवली आणि पुढच्या पायाला तेल लावलं. अजून सात जण बाकी होते. रागात दाबलं की आकडा चुकतो. त्यानं तो चुकू दिला नाही, पण डिसेंबर आता हातचा गेला हे प्रत्येक शंभराला त्याला आठवत होतं.

नेमेसियो टेबलावर आला तो पालथाच.

"काका, मी साहेबांना खरं सांगतो."

"काही नको. मग मी घरी आणि तूही घरी. त्यापेक्षा उद्या सीटवर कसा बसणार ते सांग."

"बसवतच नाही."

"मग उभा राहा."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता बेलार्मिनो पादुआ गावात, चढावर, रस्त्याच्या कडेला उभा होता. डाव्या खांद्यावर आठ पिशव्या. इथं शर्यत चालत्या सायकलवर जेवते. मालिशवाल्यानं पिशवीचा पट्टा हातभर पुढं धरायचा आणि गड्यानं दंड घालून ओढून न्यायची. हात पाव इंच खाली गेला तर पिशवी चाकात.

शेजारी एक बाई खुर्ची टाकून बसली होती. मांडीवर कोंबडी, कोंबडीवर रेडिओ. सगळं गाव तिच्याभोवती गोळा झालं होतं. निवेदक नेहमीसारखा बेंबीच्या देठापासून ओरडत होता, पण आज गोंधळलेला वाटत होता.

"फाग्वा मागं जातोय! कांपानारियोचा फाग्वा संघाच्या गाडीकडं मागं जातोय! आणि... हे काय... त्याच्या मागोमाग आंतिओकियाचे तिघं! पिवळा सदरा! पिवळा सदरा मागं जातोय, सभ्य स्त्री-पुरुषहो!"

"उन्हानं डोकं फिरलं बिचाऱ्यांचं," बाई म्हणाली.

"फाग्वा बाटल्या घेतोय. दोन, चार, सहा. सुलुआगा त्याच्या चाकामागून हलत नाही. काय चाललंय मला कळत नाही! आणि पुढं, पुढं पुलिदो उठला! नेमेसियो पुलिदो सीटवरून उठला, पॅडलवर उभा राहिला! वीस मीटर! पन्नास मीटर! कुणीच जात नाही त्याच्यामागं! सगळे सुलुआगाची वाट बघताहेत आणि सुलुआगा फाग्वाकडं बघतोय!"

बेलार्मिनोनं पिशव्या दुसऱ्या खांद्यावर घेतल्या. त्याला सगळं कळलं होतं. नेमेसियो हल्ला करायला उठला नव्हता. त्याला बसवत नव्हतं.

पाऊण तासानं मोटारसायकली आल्या. त्यांच्यामागं नेमेसियो, एकटा. उभा. दहा पॅडल उभा, दोन पॅडल टेकून, तोंड वाकडं करून पुन्हा उभा. बेलार्मिनोनं पट्टा पुढं धरला.

"किती अंतर, काका?"

"तुला काय करायचंय? उभा राहा!"

बेलार्मिनो मनात सेकंद मोजत राहिला. दोन मिनिटं चाळीस. मग घोळका आला आणि घोळक्याच्या शेपटाला, सदऱ्यात अजून दोन बाटल्या फुगलेल्या, कांपो एलियास. त्याच्या मागच्या चाकाला गोचिडासारखे चिकटलेले तिघं, मधला पिवळा. कांपो एलियासनं पिशवी ओढता ओढता ओरडून सांगितलं,

"काका, हे मला सोडेनात! लघवीला थांबलो, तर हेही थांबले!"

"मग?"

"मला आली नाही, त्यांना आली!"

पिवळ्या सदऱ्यानं बेलार्मिनोकडं असं बघितलं, की जणू त्यानंच त्याच्या गूळपाण्यात मीठ घातलंय.

"सुमेर्से, हे तुमचं पोरगं का?" बाईनं विचारलं.

"आठही माझीच."

शर्यत गेली. शेवटची गाडीही गेली. मग बेलार्मिनोची व्हॅन तिच्यामागून चढायला लागली. वर धुकं होतं आणि रेडिओ खरखरत होता. मधून मधून तुकडे ऐकू यायचे. सुलुआगाला चूक कळली होती. तो पेटून उठला होता. आंतिओकियाचे सगळे एका ओळीत लागले होते. चार मिनिटांचं अंतर साडेतीनवर आलं, मग रेडिओ बंद. ड्रायव्हरनं रेडिओ दोनदा ठोकला. बेलार्मिनो म्हणाला, "ठोकून पोरांचे पाय फिरत नाहीत." पण त्याचेच अंगठे पँटवर दाब देत होते, एकसारखे.

घाटमाथा ओलांडला तेव्हा आवाज परत आला. निवेदकाचा घसा बसला होता.

"...मानिसालेसच्या उतारावर, थंडीसाठी सदऱ्यात वर्तमानपत्राचे कागद कोंबून, पुलिदो! दोन मिनिटं दहा! ही रेषा! हा टप्पा कांपानारियोचा!"

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. एका गाईनं वळून बघितलं. बेलार्मिनोनं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

रेषेवर रेडिओवाल्यानं नेमेसियोला गाठलं होतं.

"चँपियन, हल्ला करायचं कधी ठरवलंत?"

"हल्ला नाही केला. मला बसवत नव्हतं."

"ऐकलंत! ऐकलंत देशबांधवांनो! ह्या पोराला बसवत नव्हतं! ह्याला म्हणतात रक्त!"

मग माइक लांचेरोस साहेबांपुढं गेला. "साहेब, काल संध्याकाळी पाणक्याला सगळ्यांच्या आधी टेबलावर घेतलंत. सगळा देश फसला. ही युक्ती ओंदात सुचली?"

साहेबांनी पँटची इस्त्री नीट केली.

"ओंदात? छे! अशा गोष्टी जानेवारीत ठरतात."

आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं त्यांना चांगलं जमत होतं. व्हॅनमध्ये ड्रायव्हर शिव्या द्यायला लागला. बेलार्मिनोनं हात वर केला. "बोलू दे. जेवढं जास्त बोलतील तेवढं बरं."

बस सहाची होती. पिशवी भरलेली होती. पण आठ जोड पाय वाट बघत होते, म्हणून त्यानं हॉटेलच्या खोलीत टेबल मांडलं. नेमेसियो पहिला, नेहमीप्रमाणे. पालथा. पाचव्या गड्यावर असताना साहेब दारात आले.

"बस गेली वाटतं."

"गेली असेल. मी काम अर्ध्यावर टाकून बस धरत नाही."

"मालकांचा फोन होता, काका. दुइतामाहून. विचारत होते, तो हुशार मालिशवाला कोण."

"मग?"

"मी म्हटलं, माझाच माणूस आहे." साहेबांनी घसा साफ केला. "तेव्हा... राहा तुम्ही."

"किती?"

"राहा म्हटलं ना."

"साहेब, जानेवारीत ठरलेल्या गोष्टी मला आज कळल्या. हीही नंतर कळायला नको. नोव्हेंबरपर्यंत असं लिहून द्या."

साहेबांनी चॉकलेटच्या कंपनीच्या कागदावर लिहून दिलं. बेलार्मिनोचे हात तेलकट होते, म्हणून कागद कांपो एलियासनं वाचून दाखवला आणि घडी करून त्याच्या खिशात घातला. कांपो एलियास त्या दिवशी अकरावा आला होता, आयुष्यात पहिल्यांदा. पिवळ्या सदऱ्यानंच त्याला ओढून आणलं, असं तो सांगत होता.

"आणि डिप्लोमावाला?" साहेब जाताना बेलार्मिनोनं विचारलं.

"त्याला कळवतो."

"यंत्र तेवढं ठेवा. साहेबांच्या पँटला बरं पडेल."

टेबलावरचा गडी हसता हसता खाली पडायचा राहिला. ह्या वेळी साहेबही हसले.

उरलेले पाच दिवस बेलार्मिनोनं क्रम तसूभरही बदलला नाही. नेमेसियो पहिला, कांपो एलियास शेवटचा. पण आता कुणाचाच विश्वास बसेना. फाबिओ रोज संध्याकाळी ओसरीत वही घेऊन बसायचा आणि आंतिओकियानं कांपानारियोच्या प्रत्येक गड्यावर एकेक माणूस लावला. आठावर आठ. कांपो एलियास बाटल्या आणायला गेला की एक जण बिचारा इमानानं त्याच्यासोबत मागं जायचा. तिसऱ्या दिवसापासून कांपो एलियास त्यालाही एक बाटली द्यायला लागला. केसतूड आपोआप फुटलं. नेमेसियो शेवटी दुसरा आला. सुलुआगानं पिवळा सदरा राखला आणि ते योग्यच होतं. चौदा दिवसांत सगळ्यात जास्त राबला तोच.

जुलै ते नोव्हेंबर लहान शर्यती झाल्या. पाऊस, चिखल, वासरं. बेलार्मिनोनं पाचही महिने पहाटे साडेतीनला गूळ उकळला आणि कुणाच्या पायाला एकशे नव्व्याण्णवावर सोडलं नाही. नोव्हेंबरचा पगार घेऊन तो नोब्साला आला तेव्हा रोसाल्बिनानं मागावरून विचारलं, "टप्पा जिंकला म्हणे."

"उभ्यानं."

"मला कसा का असेना. पाद्र्याला सांगून आले आहे. आठ डिसेंबर."

सकाळी आठला आईचं लागलं, दुपारी बाराला मुलीचं, म्हणजे एका जेवणात दोन लग्नं. आठही गडी दुइतामाहून सायकलवर आले, कोट घालून, पँटचे पाय दोरीनं बांधून. कुणी सांगितलं नसताना कांपो एलियास दुपारभर पाहुण्यांत बियरच्या बाटल्या वाटत फिरला. लांचेरोस साहेबांनी चॉकलेटचं खोकं पाठवलं.

नोव्हेंबरपर्यंतच्या पगारातून जे झालं ते असं: तीन मेंढे, दोन पोती बटाटे, बियरची नऊ खोकी, तिबासोसाची वाजंत्री, चर्चच्या मेणबत्त्या आणि पांढऱ्या बुटांचे दोन जोड. ओतिलियाचे दिवसभर तिच्या पायात राहिले. रोसाल्बिनाचे चर्चमधून बाहेर येईपर्यंतच. दारातच तिनं ते काढून फडक्यात बांधले. एवढ्या महागाचे बूट चालून झिजवायला घेतलेत का, असं बेलार्मिनोला दरडावून विचारलं आणि रोजच्या चपला घालून दिवे लागेपर्यंत नाचली.